दोन शेजाऱ्यांची शपथ आणि १६० एकर

"अमेरिकेत कुठे आहे आरक्षण? म्हणूनच तो देश पुढे गेला."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी ते शेवटचं ऐकलं एका सेमिनारमध्ये, माझ्या पेपरनंतरच्या प्रश्नोत्तरांत. बोलणारे गृहस्थ समाजशास्त्र शिकवतात. ते पुढे असंही म्हणाले की तिथला माणूस एक कुऱ्हाड आणि एक बैलजोडी घेऊन ओसाड माळावर गेला, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला, सरकारपुढे त्याने कधी हात पसरला नाही. वेळ संपली होती, चहा आला होता. त्यामुळे उत्तर इथे देते.

तो माळ ओसाड नव्हता. आणि ती जमीन त्या माणसाला सरकारनेच दिली होती.

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड ॲक्टवर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेला किंवा कुटुंबप्रमुख असलेला कोणीही नागरिक सरकारी जमिनीतला १६० एकरांचा तुकडा मागू शकत होता. नागरिकही असायची गरज नव्हती. नागरिक होण्याचा इरादा आहे असं जाहीर केलेला, कालच बोटीतून उतरलेला जर्मन किंवा नॉर्वेजियन माणूसही चालत होता. एकट्या बाईलाही दावा करता येत होता, आणि हजारो बायकांनी तो केला. अटी तीन: पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा. अमेरिकी सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं, एवढीच आणखी एक. सगळी फी मिळून १८ डॉलर.

१६० एकर म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून सांगते: महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्यात एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन जास्तीत जास्त ५४ एकर ठेवता येते. म्हणजे आपल्याकडे ज्याला कायदा 'अतिरिक्त' म्हणतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट जमीन अमेरिकेत एका कुटुंबाची सुरुवात होती. हा कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्कात तर १९८६ पर्यंत चालू राहिला. तोवर १६ लाखांच्या आसपास सनदा वाटल्या गेल्या होत्या आणि २७ कोटी एकर जमीन लोकांच्या नावावर झाली होती. साडेतीन महाराष्ट्र मावतील एवढी. याला जर सरकारपुढे हात पसरणं म्हणत नसतील, तर माझ्या फ्रीशिपला काय म्हणतात ते त्या गृहस्थांनी सांगावं.

पण मला आकड्यांपेक्षा जास्त बोलायचं आहे ते पुराव्याबद्दल. कारण आपलं अर्ध आयुष्य पुरावे गोळा करण्यात गेलेलं आहे, आणि पुरावा कसा मागतात हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही.

पाच वर्षं झाली की दावेदाराला दावा सिद्ध करावा लागे. तिकडच्या बोलीत याला 'प्रूव्हिंग अप' म्हणत. पद्धत अशी. आधी स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस द्यायची: अमुक इसम अमुक दिवशी आपला दावा सिद्ध करणार आहे, त्याचे चार साक्षीदार हे हे. (माळावरची कितीतरी छोटी वर्तमानपत्रं या नोटिशींच्या पैशांवरच जगली.) मग ठरलेल्या दिवशी त्या चौघांतले दोघे घेऊन लँड ऑफिसात किंवा काउंटीच्या कारकुनासमोर जायचं. तिथे छापील प्रश्नावली असे. घर कशाचं आहे, केवढं आहे, किमतीला किती. विहीर आहे का. किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतलं. मधल्या काळात किती महिने बाहेर होतात, का होतात. दावेदार उत्तरं देई, दोन साक्षीदार तीच उत्तरं शपथेवर देत, सगळे सही किंवा अंगठा करत. मग सर्टिफिकेट, आणि काही महिन्यांनी वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्षाच्या नावाने सनद.

साक्षीदार कोण? शेजारी. बहुतेक वेळा तेही दावेदारच. आज मी तुझी साक्ष देतो, पुढच्या वर्षी तू माझी दे. जागेवर जाऊन विहीर खरंच आहे का हे पाहणारा अधिकारी सहसा नसायचाच. आजोबांचा कागद कोणी मागितला नाही. तीन पिढ्यांचा रहिवास कोणी मागितला नाही. १८ डॉलर आणि दोन शेजाऱ्यांचा शब्द, एवढ्यावर १६० एकर.

याचा गैरफायदा घेतला गेला नाही असं नाही. चाकांवरचं घर एका दाव्यावरून दुसऱ्यावर ओढत न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी 'घर आहे' अशी शपथ घ्यायची, हे प्रकार झाले. घर 'बारा बाय चौदा' आहे असं शपथेवर सांगायचं आणि ते फूट की इंच हे सांगायचंच नाही, असाही एक किस्सा तिकडे चवीने सांगतात. गुरांच्या कंपन्यांनी आपल्या गुराख्यांच्या नावाने दावे लावून पाण्याच्या जागा बळकावल्या. ओरेगनमध्ये खोट्या दावेदारांच्या नावांवर जंगलं लाटली गेली, आणि त्या प्रकरणात जॉन मिचेल या सिनेटरला १९०५ मध्ये दोषी ठरवलं गेलं. फसवणूक नेमकी किती झाली यावर इतिहासकारांत वाद आहे. अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की जुन्या पुस्तकांनी ती फुगवून सांगितली. असेल. बहुसंख्य लोक प्रामाणिक होते असं आपण धरून चालू. माझा प्रश्न तरी उरतोच: त्यांना प्रामाणिक धरून चाललं गेलं ते का?

१८८५ मध्ये विल्यम स्पार्क्स नावाचा माणूस जनरल लँड ऑफिसचा आयुक्त झाला. त्याला या शपथांचा संशय आला आणि त्याने पश्चिमेतल्या मोठ्या भागातल्या अंतिम सनदा थांबवून तपासणी सुरू करायचं ठरवलं. गहजब झाला. कष्टाळू माणसाला चोर ठरवता का, म्हणून वर्तमानपत्रं आणि लोकप्रतिनिधी त्याच्यावर तुटून पडले. आदेश वर्षभरात मागे घ्यावा लागला, आणि १८८७ मध्ये स्पार्क्सलाही जावं लागलं. पडताळणी हा अपमान असतो, हे त्या समाजाला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत.

आणखी मागे जा. होमस्टेडच्या आधी १८४१ चा प्रीएम्प्शन ॲक्ट होता. सरकारी जमिनीवर मोजणी-लिलाव व्हायच्या आधीच घुसून बसलेल्या माणसाला त्याने पहिला हक्क दिला: १६० एकर, एकरी सव्वा डॉलर. या घुसलेल्यांना 'स्क्वॉटर' म्हणत. त्यांनी गावोगाव आपले 'क्लेम क्लब' काढले होते. लिलावात कोणी बाहेरचा बोली लावायला आला तर हे क्लब त्याला धमकावून पळवत. आपल्या तलाठ्याच्या भाषेत याला एकच शब्द आहे, अतिक्रमण. तिकडे अतिक्रमण आधी नियमित झालं, मग कायदा झालं, आणि दोन पिढ्यांनंतर त्याचं नाव 'पायोनियर' पडलं. पुतळे उभे राहिले.

आता ज्यांची ती जमीन होती त्यांच्याकडे येऊ.

होमस्टेड कायदा झाला त्याच १८६२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटामध्ये डकोटा लोक उपाशी होते. करार करून त्यांच्याकडून जमीन घेतली होती, त्या बदल्यात ठरलेली रक्कम वेळेवर आली नाही, आणि व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य द्यायचं बंद केलं. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. ते संपल्यावर लष्करी आयोगाने खटले चालवले. आरोपींना वकील नव्हता. काही खटले पाच मिनिटांतही उरकले. ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. लिंकन यांनी यादी कमी केली, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. पुढच्या वर्षी डकोटांशी केलेले करारच रद्द झाले आणि त्यांना मिनेसोटातून हाकललं गेलं.

या फाशीनंतर सहाव्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, नेब्रास्कात डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने होमस्टेडचा पहिला दावा दाखल केला असं मानतात. बीॲट्रिस गावाजवळ त्याच्या जागेवर आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. एकाला मरायला पाच मिनिटांचा पुरावा पुरला. दुसऱ्याला जमिनीचा मालक व्हायला शेजारी पुरले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. त्या लोकांनी कष्ट केलेच की! केले. मातीच्या ढेकळांची घरं बांधून राहिले. १८७४ मध्ये टोळधाडीने उभी पिकं खाल्ली. १८८८ च्या जानेवारीतल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली मुलं गोठून मेली. अनेकांनी पाच वर्षं पुरी व्हायच्या आतच दावा सोडून दिला. मी त्यांच्या कष्टाची चेष्टा करत नाही. कष्टाची चेष्टा करायचे संस्कार आमच्या घरात नाहीत. पण कष्ट हाच जर जमिनीचा पुरावा असेल, तर सगळ्यात मोठा दावा कोणाचा होता?

साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर काळ्या गुलामांच्या पिढ्यांनी कापूस आणि भात पिकवला होता. खाजणं बांधली होती, दलदल उपसली होती. १६ जानेवारी १८६५ रोजी जनरल शर्मन याने आदेश काढला की या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या लोकांना कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर याप्रमाणे द्यावी. जूनपर्यंत सुमारे ४० हजार लोक सुमारे चार लाख एकरांवर वसले. कित्येकांच्या हातात ताब्याचे कागदही आले. मग लिंकन यांच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन याने बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि माफीबरोबर जमीनही परत केली. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवलं गेलं, तिथल्या लोकांना चर्चमध्ये बोलावून सांगायला की ही जमीन तुमची नाही, मालकाशी मजुरीचा करार करा.

एडिस्टोच्या लोकांनी यावर समिती नेमून लेखी उत्तर दिलं. ते आजही वाचायला मिळतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारशी इमान आम्ही राखलं, बंड त्यांनी केलं, आणि सरकार मैत्री त्यांच्याशी करतंय, ज्याने आम्हाला झाडाला बांधून फटके मारले त्याच्याच पदरात आम्हाला टाकताय. होमस्टेड कायद्यातली ती अट आठवा: सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. इथे शस्त्र उचललेल्यांना जमीन परत मिळाली.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. फुल्यांनी बरोबर माणसं निवडली होती. पण त्या मुक्तीच्या पायाखालची जमीन तोवर काढून घेतली गेली होती, आणि जमिनीशिवायचं स्वातंत्र्य म्हणजे काय हे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काळ्या लोकांसाठी काहीच केलं नाही असं होऊ नये म्हणून १८६६ मध्ये सदर्न होमस्टेड ॲक्ट आला. दक्षिणेतल्या पाच राज्यांतली ४ कोटी ६० लाख एकर सरकारी जमीन, त्यातली बरीचशी दलदलीची, पाइनच्या जंगलाची, नापीक. सुरुवातीचे सहा महिने ती मुक्त झालेल्यांसाठी आणि सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या गोऱ्यांसाठी राखीव होती. पण नेमके तेच महिने बहुतेक काळे मजूर वर्षाच्या कराराने मळ्यांना बांधलेले होते. मिसिसिपीने तर १८६५ मध्येच कायदा करून काळ्यांना गावाबाहेरची जमीन भाड्यानेही घ्यायला बंदी केली होती. दहा वर्षांत, १८७६ ला, हा कायदा गुंडाळला. पुढे तीच जंगलं लाकूड कंपन्यांनी घेतली.

तरी लोक गेले. १८७७ मध्ये केंटकीहून निघालेल्या काळ्या कुटुंबांनी कॅन्सासमध्ये निकोडेमस हे गाव वसवलं. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटांत काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना मांस दिलं म्हणून तगले, असं तिथे सांगतात. स्वतःच हुसकावल्या जाणाऱ्यांनी नव्याने आलेल्यांना खाऊ घातलं, ही गोष्ट कुठल्याही पायोनियरच्या पुतळ्याखाली लिहिलेली नसते. माळावरच्या राज्यांत साडेतीन हजारांच्या आसपास काळ्या दावेदारांनी आपले दावे सिद्ध केले. सोळा लाख सनदा, त्यात हे साडेतीन हजार. कायद्यात मात्र 'गोरा' हा शब्द नव्हता. आपल्याकडच्या खुल्या प्रवर्गातही जातीचा शब्द नसतो.

आणि आदिवासी? त्यांच्याकडूनही पुरावा मागितला गेला, फक्त उलटा. १८८७ च्या डॉज ॲक्टने जमातीची सामाईक जमीन मोडून कुटुंबामागे १६० एकरांचे तुकडे पाडले, आणि वाटून उरलेली जमीन 'जास्तीची' ठरवून गोऱ्या होमस्टेडरांना खुली केली. वाटलेले तुकडे २५ वर्षं सरकारच्या विश्वस्त ताब्यात राहणार होते, म्हणजे विकता येणार नव्हते. मग १९०६ मध्ये दुरुस्ती आली: एखादा आदिवासी 'सक्षम' आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर ही मुदत आधीच संपवता येईल. सक्षम ठरला की जमिनीवर कर लागू, कर थकला की लिलाव. आयोग गावोगाव फिरले, आणि किती गोरं रक्त अंगात आहे यावरूनही सक्षमता मोजली गेली. १९१६ च्या सुमाराला यासाठी एक समारंभच रचला होता. आदिवासी माणसाने शेवटचा बाण मारायचा, मग नांगराला हात लावायचा, मग त्याला पैशाची पिशवी द्यायची, जपून खर्च करायला शीक म्हणून. मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा मला कसल्यातरी सत्कार समारंभातली शाल आणि नारळ दिसतो.

गोऱ्या माणसाने सिद्ध केलं की जमीन मिळायची. आदिवासी सिद्ध झाला की जमीन जायची. १८८७ मध्ये जमातींकडे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख उरले.

या सगळ्यात आपला सवर्ण भाऊ कुठे होता? तोही रांगेत होता. दावा करायला नागरिक होण्याची पात्रता हवी, आणि ती पात्रता १७९० पासून 'मुक्त गोऱ्या' माणसालाच होती; १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले पंजाबचे भगतसिंग थिंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद काय होता? आपण उच्चवर्णीय आहोत, आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत. आणि अमेरिकन माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे जसं पाहतो तसंच आमच्याकडचा उच्चजातीय मूळच्या रहिवाशांकडे पाहतो. म्हणजे आम्ही शिवाशिव पाळतो, हाच आमच्या गोरेपणाचा पुरावा! १९२३ मध्ये न्यायालयाने तो नाकारला. अमेरिकेत आरक्षण नाही म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा. तिथे पोचलेल्या आपल्या माणसाने हक्क मागताना पहिली वस्तू बॅगेतून काढली ती जात.

आता इथलं. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागणी केली की पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्यावी आणि तिच्यावर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावं वसवावीत. कोलंबियात शिकलेल्या माणसाची ही मागणी होती, आणि ती अमेरिकेने आपल्या गोऱ्या शेतकऱ्याला जे दिलं त्याच्या कितीतरी मागे होती. ती मान्य झाली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांना हक्क हवा असेल तर आधी कसत होतो हे दाखवावं लागतं. मग ट्रंकेतून काय निघतं? अतिक्रमणाच्या दंडाची पावती. सरकारने तुम्हाला गुन्हेगार म्हटल्याचा कागद हाच तुमच्या कष्टाचा पुरावा.

२००६ चा वनहक्क कायदा घ्या. जे अनुसूचित जमातीत नाहीत पण जंगलावर जगतात, त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो असं लिहिलेलं आहे. तरी देशभरात लाखो दावे फेटाळले गेले आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्यांना बाहेर काढायचा आदेश दिला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती आली. पाच वर्षं आणि दोन शेजारी. पंचाहत्तर वर्षं आणि तरी नाही.

आणि आपली जात पडताळणी. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या, ओबीसींना १९६७ च्या. पालावर जन्मलेल्या माणसाने १९६१ चा कागद आणायचा! खोट्या दाखल्यांनी आपल्याच जागा चोरल्या जातात, म्हणून पडताळणी हवी हे मला मान्य आहे. पण माझ्या फायलीला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते. का गेले नव्हते हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. माझ्या आईने खिडकीतून विचारलं, "साहेब, गावातले दोन जण येऊन शपथेवर सांगतील, चालेल का?" खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. तो नुसता हसला. चार महिन्यांनी एका चुलत आजोबांचं नाव एका बंद पडलेल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडलं तेव्हा काम झालं.

आईने जे विचारलं त्यावर अमेरिकेने २७ कोटी एकर वाटले होते.

या वाटपाचे वारस कोण? अभ्यासक ट्रिना शँक्स यांच्या अंदाजाप्रमाणे २००० साली अमेरिकेतल्या साडेचार कोटींहून जास्त प्रौढांचे पूर्वज होमस्टेडर होते, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या साधारण चौथा हिस्सा. त्या जमिनीवर कर्ज मिळालं, कर्जावर शिक्षण झालं, शिक्षणावर शहरात घर झालं. चौथ्या पिढीतल्या मुलाला वाटतं, आपण स्वतःच्या हिमतीवर आलो. खोटं बोलत नाही तो. त्याला तसंच शिकवलंय. फ्रेडरिक टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये शिकागोत निबंध वाचला की मोकळ्या जमिनीने अमेरिकन माणूस स्वावलंबी घडवला, आणि तो निबंध पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकांत गेला. जमीन 'मोकळी' कोणी केली हे त्यात राहून गेलं.

विद्यापीठांचंही तेच. होमस्टेडनंतर सहाच आठवड्यांनी, २ जुलै १८६२ ला, मॉरिल ॲक्ट झाला आणि राज्यांना महाविद्यालयं काढण्यासाठी जमीन मिळाली. २०२० मध्ये एका पत्रकारी शोधकामाने हिशेब मांडला: जवळपास २५० जमातींकडून घेतलेली एक कोटी एकरांहून जास्त जमीन ५२ विद्यापीठांच्या पायात गेली. सगळ्यात मोठी लाभार्थी कॉर्नेल. आपली मुलं रात्र रात्र जागून याच विद्यापीठांना अर्ज करतात, मीही केले आहेत, करायलाच हवेत. फक्त तिथून परतलेला कोणी इथे येऊन मेरिटचं प्रवचन द्यायला लागला, तर त्या मेरिटचा सातबारा मागा.

तिकडे हे सातबारे शोधायची सोय उत्तम आहे. होमस्टेडरांच्या सनदा सरकारी वेबसाइटवर फुकट पाहता येतात; खापरपणजोबाचं नाव टाकलं की किती एकर, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं येतं. एडिस्टोच्या बाजूच्या लोकांचे कागद मात्र जुन्या सरकारी दप्तरांत पडून होते. २०२४ मध्ये काही पत्रकारांनी ते चाळले आणि बाराशेहून जास्त काळ्या माणसांची नावं काढली, ज्यांना १८६५ मध्ये खरोखर जमीन मिळाली होती आणि जिच्यावरून त्यांना उठवलं गेलं. काहींचे आजचे वंशज सापडले. काही जमिनींच्या नेमक्या जागाही सापडल्या. जॉर्जियातल्या स्किडवे बेटावर यातल्या काही तुकड्यांवर आता श्रीमंतांची वसाहत आहे, गोल्फची मैदानं आहेत. आत जायला गेटवर पास लागतो.